श्रवणयंत्राला छोट्या इंडक्शन लूपची जोड : घर, दवाखाना आणि काउंटरसाठी

कानाचं मशीन घेतलं की सगळं ऐकू येईल, अशी घरच्यांची समजूत असते. शांत खोलीत समोरासमोर बसून बोललं तर येतंही. पण पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरचा एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. वर पंखा गरगरतोय, बाहेर हॉर्न चालू आहेत, काचेपलीकडची मुलगी संगणकाकडे बघतच नाव आणि वय विचारते आहे. अशा ठिकाणी महागातलं मशीनही हात टेकतं. मशीनचा माइक असतो कानाशी आणि बोलणाऱ्याचं तोंड असतं लांब. मधल्या अंतरात पंखा, हॉर्न, शेजारच्या बाकावरच्या गप्पा आणि भिंतींवरून परत येणारा घुमारा असं सगळं त्या बोलण्यात मिसळतं. मशीन मग ते सगळंच मोठं करतं. आवाज वाढतो, पण शब्द लागत नाहीत.

इंडक्शन लूप हे मधलं अंतर काढून टाकतो. बोलणाऱ्याच्या तोंडाशी माइक, माइकला छोटा ॲम्प्लिफायर आणि ॲम्प्लिफायरला तारेचं वेटोळं, एवढाच संसार. बोलण्याच्या चढउताराप्रमाणे तारेतला प्रवाह कमीजास्त होतो, त्यामुळे भोवती तसंच चढउतार होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि श्रवणयंत्रातली ‘टेलिकॉइल’ नावाची बारीक गुंडाळी ते पकडते. मशीन त्याचा पुन्हा आवाज करतं आणि कानात सोडतं. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज लंडनच्या काळ्या टॅक्सीतसुद्धा मागच्या प्रवाशासाठी लूप असतो. आपल्याकडे मात्र ज्यांना याचा सगळ्यांत जास्त उपयोग होईल, त्या ज्येष्ठांनीही बहुतेकदा हे नाव ऐकलेलं नसतं. याची मला मनापासून खंत वाटते, कारण एका खिडकीपुरता किंवा एका खुर्चीपुरता लूप लावणं मुळीच अवघड नाही.

इथे मी छोट्या उपकरणांबद्दलच लिहितो आहे. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या नाट्यगृहाचा लूप हे मोजमाप करून, आराखडा काढून करायचं काम आहे, ते त्यातल्या तंत्रज्ञावरच सोडावं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. यात उपकरण विकत घेणं हा सोपा भाग आहे. मशीन ‘टी’वर म्हणजे टेलिकॉइलवर असणं, माइक तोंडाजवळ असणं आणि लूपचा डबा रोज चार्ज करणारं कोणीतरी असणं, या तीन गोष्टी जमल्या तर साधा लूपही उत्तम चालतो. त्या जमल्या नाहीत तर कितीही पैसे घातले तरी तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो.

पहिली पायरी : मशीनमध्ये ‘टी’ आहे का?

लूप आणण्याआधी हे पक्कं करा. कानामागे बसणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये टेलिकॉइल बहुधा असते. कानाच्या नळीत पूर्ण आत जाणाऱ्या छोट्या मशीनमध्ये तिला जागाच नसते. मधल्या प्रकारात, म्हणजे कानामागे छोटा भाग आणि बारीक वायरीने आत गेलेला स्पीकर, काही मॉडेलमध्ये असते, काहींत नसते. विशेषतः रिचार्जेबल मॉडेल घेताना हे विचारायलाच हवं. कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेल्या श्रवणसाधनाच्या) बाहेरच्या प्रोसेसरमध्येही अनेकदा टेलिकॉइल असते. मॉडेलचं नाव बिलावर असतं. ते घेऊन ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

टेलिकॉइल आहे म्हणजे ती चालू आहे, असं मात्र नाही. आजची मशीन संगणकाला जोडून बसवली जातात आणि टी-प्रोग्राम, म्हणजे टेलिकॉइलवर ऐकायची सेटिंग, मुद्दाम चालू करून द्यावा लागतो. बसवताना कोणी मागितला नाही तर तो बंदच राहतो. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन नेमकं असं सांगा : “मला हाताने बदलता येईल असा टी-प्रोग्राम हवा आहे, आणि एक एमटी पण द्या.” ‘हाताने बदलता येईल असा’ हे शब्द विसरू नका. काही मशीनमध्ये फोनचा रिसीव्हर कानाला लावला की टेलिकॉइल आपोआप चालू होते, तेवढ्याने लूपचं काम भागत नाही.

टी आणि एमटी यांत फरक असा : टी-वर मशीनचा स्वतःचा माइक बंद होतो आणि फक्त लूपमधला आवाज येतो. गर्दीत, काउंटरवर, व्याख्यानात हाच कामाचा. एमटी-वर लूप आणि माइक दोन्ही चालू राहतात. घरी टीव्ही बघताना “आई, चहा ठेवू का?” हेही ऐकू यायला हवं असेल तर एमटी बरा. आणखी एक मागणी करा, ती म्हणजे टी-ची पातळी माइकच्या पातळीशी जुळवून घ्या. ती कमी ठेवलेली असली की माणूस टी लावतो, आवाज एकदम बसतो आणि तो म्हणतो, “हे काही चालत नाही.” इथेच पुष्कळ जणांचा लूपवरचा विश्वास उडतो.

प्रोग्राम कसा बदलायचा याचा घरीच सराव करून घ्या. कुठल्या मशीनवर बटण एकदा दाबायचं असतं, कुठे दाबून धरायचं, कुठे मोबाइलच्या ॲपवर. बदल झाला की कानात बारीक ‘टूं’ असे आवाज येतात, ते मोजायची सवय लागली की आरशाची गरज उरत नाही. ज्यांची बोटं थरथरतात किंवा दिसायला कमी आहे, त्यांच्यासाठी टी-प्रोग्राम दुसऱ्याच क्रमांकावर ठेवायला सांगा, म्हणजे एका दाबात काम होतं.

दुसरी पायरी : जागा ऐकून बघा

लूप आणण्याआधी त्या जागेची चुंबकीय ‘शांतता’ तपासावी लागते. ज्यांचं मशीन आहे त्यांनाच तिथे नेऊन टी-वर लावायला सांगायचं. लूप नसल्यामुळे काहीच ऐकू यायला नको. पण बहुतेकदा हलकी गुणगुण येते, ती भिंतीतल्या विजेच्या वायरिंगची, ५० हर्ट्झची. ती फार मंद असेल तर चिंता नाही. जोरात भुणभुण येत असेल तर तिचं उगमस्थान शोधा. मीटरचा बोर्ड, इन्व्हर्टर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मंद-प्रखर करता येणारे दिवे, चालू असलेली इंडक्शन शेगडी हे नेहमीचे गुन्हेगार. एकेक बंद करून बघा. पंखा रेग्युलेटरवर दोनवर असताना खरखर आणि पूर्ण पाचवर केला की शांत, असं झालं तर दोष रेग्युलेटरचा आहे हे लगेच कळतं.

आणि खुर्ची हलवून बघा. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं, त्यामुळे बोर्डाच्या भिंतीला टेकलेली खुर्ची हातभर पुढे घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. काही जुन्या इमारतींत फेज आणि न्यूट्रलच्या तारा वेगवेगळ्या मार्गांनी फिरवलेल्या असतात, तिथे अख्खी खोलीच गुणगुणते. अशी खोली इलेक्ट्रिशियनने वायरिंग सुधारल्याशिवाय लूपला चालत नाही, तिथे दुसरी जागा निवडलेली बरी.

तिसरी पायरी : कोणता लूप?

छोट्या लूपचे ढोबळ चार प्रकार आहेत. गळ्यात घालायचा लूप, ज्याला नेकलूप म्हणतात, तो मोबाइल, टीव्ही किंवा माइकच्या छोट्या रिसीव्हरला जोडायचा. खुर्चीच्या गादीखाली किंवा पाठीमागे ठेवायचा सपाट लूप, हा टीव्हीची जागा ठरलेली असलेल्यांसाठी. टेबलावर ठेवायचा बॅटरीचा डबा, त्यातच माइक, ॲम्प्लिफायर आणि वेटोळं असतं, तो काउंटरसाठी. आणि खोलीभर फिरवलेली तार.

निवडताना एक नियम लक्षात ठेवा. छोट्या वेटोळ्यापासून अंतर दुप्पट झालं की क्षेत्र साधारण एक-अष्टमांश होतं. म्हणून अर्ध्या मीटरवर खणखणीत वाटणारा डबा एका मीटरवर क्षीण होतो आणि दोन मीटरवर जवळपास नाहीसा होतो. डबा म्हणजे एका माणसाचं उपकरण, त्याच्यासमोर दहा खुर्च्या मांडून उपयोग नाही. याचा फायदाही आहे. शेजारच्या खिडकीवरच्या माणसाला तुमचं बोलणं सहसा ऐकू जात नाही.

आज ब्लूटूथची मशीनही आहेत, आणि ऑराकास्ट नावाचं नवं तंत्रज्ञान लूपसारखंच एकाच वेळी अनेकांना आवाज पोचवतं. तरीही लूपचं मोल कमी होत नाही. जोडणी करायला नको, पासवर्ड नको, कंपनी कोणतीही असो, टेलिकॉइल असलेलं जुनं मशीनही चालतं, आणि आवाजाला उशीर होत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द एकत्र येतात. ओठांकडे बघून अंदाज बांधणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं असतं.

घरचा टीव्ही

सुरुवात इथून करा. चूक झाली तरी कोणाचं काही अडत नाही आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

टीव्हीचा आवाज माइकने पकडू नका, थेट वायरीने घ्या. टीव्हीला हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक असेल तर काम सोपं. पण त्यात पिन घातली की काही टीव्हींचे स्पीकर बंद होतात आणि बाकीचं घर ओरडतं. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘ऑडिओ आउटपुट’ शोधा, अनेक टीव्हींत दोन्ही एकदम चालू ठेवायची सोय असते. नसेल तर सेट टॉप बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांवरून आवाज घ्या. नव्या टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट असेल तर मध्ये एक छोटा डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ करावा लागतो. हे केलं नाही तर कन्व्हर्टरमधून काहीच येत नाही किंवा नुसती खरखर येते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात हे कन्व्हर्टर, पिना, वायरी सगळं मिळतं.

मग तो आवाज नेकलूपला द्या किंवा खुर्चीच्या लूपच्या ॲम्प्लिफायरला. खुर्चीचा लूप असेल तर खुर्ची लाकडी किंवा वेताची असावी. लोखंडी सांगाड्याची आरामखुर्ची क्षेत्र गिळते. आवाजाची पातळी ठरवताना आधी मशीन माइकवर ठेवून घरच्यांचं बोलणं ऐकायला लावा, मग टी-वर टीव्ही, आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ॲम्प्लिफायरचं बटण फिरवा. त्यानंतर त्या बटणावर रंगाचा ठिपका करा. नातवंडांनी फिरवलं तरी जागा सापडते.

नेकलूप स्वतः करायचा असेल तर तेही जमतं. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून ३६ गेजची इनॅमल लावलेली तांब्याची तार घ्या. ७० सेंटिमीटर घेराच्या डब्याभोवती किंवा चार खिळ्यांभोवती तिचे २० वेढे गुंडाळा. एवढ्या घेराचं वेटोळं डोक्यावरून सहज घालता-काढता येतं. तारेचा रोध ७-८ ओहम भरतो. स्टिरिओ पिनच्या डाव्या आणि उजव्या टोकाला प्रत्येकी २२ ओहमचा रेझिस्टर जोडून त्यांची दुसरी टोकं एकत्र करा, ती वेटोळ्याच्या एका टोकाला, आणि पिनची जमीन (ग्राउंड) दुसऱ्या टोकाला. रेझिस्टर टाळू नका. ते नसले तर दोन्ही चॅनेल एकमेकांवर भार टाकतात. डाग लावण्याआधी (सोल्डर करण्याआधी) तारेच्या टोकावरचं इनॅमल पॉलिशपेपरने खरवडा, नाहीतर डाग बसल्यासारखा दिसतो आणि आतून जोड कच्चाच राहतो. वरून मऊ कापडी नळी चढवा. हा लूप फक्त हेडफोनच्या भोकालाच जोडायचा, मोठ्या ॲम्प्लिफायरला कधीही नाही. आणि गळ्यात असं काही घालून झोपायचं नाही. विकतच्या नेकलूपला ओढल्यावर आपोआप सुटणारी कडी असते, स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी तोच घ्यावा. पेसमेकर असेल तर कुठलाही नेकलूप घालण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

काउंटर : दवाखाना, सोसायटीचं ऑफिस, बँकेची खिडकी

बॅटरीचा डबा घेऊन काउंटरवर ठेवला की झालं, असं नाही. सगळं काही मांडणीवर ठरतं.

आधी काउंटर कशाचा आहे ते बघा. लाकूड, प्लायवूड, ग्रॅनाइट, काच यांतून चुंबकीय क्षेत्र विनाअडथळा जातं. लोखंडी पत्र्याचं टेबल असेल तर ते कमकुवत होतं. अशा टेबलावर डब्याखाली वितभर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. कॅश काउंटरला लोखंडी जाळी असेल तर डबा जाळीच्या आत नाही, बाहेर ग्राहकाच्या बाजूला यायला हवा, आणि माइक वेगळ्या वायरीने आत.

मग डब्याची दिशा. बहुतेक डब्यांत एका बाजूला माइक आणि दुसऱ्या बाजूला कानाचं चिन्ह असतं. माइक कर्मचाऱ्याकडे, चिन्ह ग्राहकाकडे. उलटा ठेवला तर ग्राहकाला स्वतःचाच आवाज जोरात येतो आणि समोरच्याचा येत नाही. ज्या डब्याला बाहेरचा माइक लावायची सोय आहे तोच घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. डब्यातला माइक कर्मचाऱ्याच्या तोंडापासून दोन-अडीच फुटांवर असतो आणि पंखा, कीबोर्डची टकटक, मागच्या कपाटाचा आवाज, सगळं आत घेतो. म्हणजे जे अंतर काढून टाकायचं होतं तेच परत आलं. शर्टाच्या किंवा साडीच्या पदराच्या काठाला अडकवायचा छोटा कॉलर माइक, तोंडापासून वितभर अंतरावर, हा सर्वांत उत्तम. खुर्चीवर माणसं बदलत असतील तर वाकणाऱ्या दांडीचा माइक.

आता ऐकणाऱ्याच्या बाजूने. श्रवणयंत्रातली टेलिकॉइल बहुधा उभी बसवलेली असते आणि तिला क्षेत्राचा उभा भागच नीट पकडता येतो. त्यामुळे दवाखान्याच्या खिडकीवर हमखास असं होतं : आजोबा ताठ उभे असताना छान ऐकत असतात, “खाली सही करा” म्हटल्यावर मान वाकवून कागदाकडे बघतात, आणि नेमकं त्याच वेळी कर्मचारी सांगते, “तारीख पण टाका.” ते त्यांना ऐकू येत नाही. मान वाकली, गुंडाळी आडवी झाली, आवाज पडला. उपाय साधा आहे. सही चालू असताना बोलायचं नाही, मान वर आली की बोलायचं. कर्मचाऱ्यांना ही एकच गोष्ट शिकवली तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

डबा नेमका कुठे ठेवायचा हे मोजून नाही, ऐकून ठरवायचं. मशीन वापरणाऱ्या माणसाला खिडकीशी उभं करा, कर्मचाऱ्याला वर्तमानपत्राची बातमी वाचायला सांगा, आणि डबा चार बोटं पुढे, चार बोटं मागे, थोडा तिरका असा सरकवत जा. एखाद्या जागी आवाज एकदम नाहीसा होतो. तिथे क्षेत्र आडवं असतं, त्यामुळे उभ्या गुंडाळीला काहीच मिळत नाही. ती जागा टाळून सर्वांत स्वच्छ आवाजाच्या जागी काउंटरवर टेपने चौकट आखा. सफाई करताना डबा उचलला जातोच, चौकटीमुळे तो परत जागेवर येतो. उभ्या माणसासाठी आणि व्हीलचेअरवरच्या माणसासाठी जागा वेगळी निघू शकते, दोन्हींची चाचणी घ्या.

पाटी लावा. निळ्या पाटीवर कान आणि ‘टी’ अक्षर हे जगभर चालणारं चिन्ह आहे, पण आपल्याकडे ते पाहून कोणाला काही उमगत नाही. म्हणून खाली ठळक मराठीत लिहा : “कानाचं मशीन वापरता? येथे लूप आहे. मशीन टी-वर लावा.” आणि पाटी ग्राहकाच्या नजरेच्या उंचीवर, रांगेत उभं असतानाच दिसेल अशी.

कर्मचाऱ्यांनी काय बोलायचं तेही ठरवून द्या. “काकू, मशीन टी-वर घेता का? घेतलंत की सांगा, मग मी बोलते.” हे म्हणताना काकूंचं मशीन अजून माइकवरच असतं, म्हणून चेहरा समोर ठेवून, पाटीकडे बोट दाखवून बोलायचं. टी लागल्यावर मात्र ओरडायचं नाही. लूपच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज आपोआप एका पातळीवर ठेवायची सोय असते, ओरडलं की शब्द फक्त फाटतात. नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश, तोंडावर हात किंवा मास्क न ठेवता बोलणं पुरे. काम झाल्यावर “काकू, मशीन परत नेहमीच्या प्रोग्रामवर लावा” याची आठवण करणं फार गरजेचं. नाहीतर टी-वर असलेलं मशीन घेऊन त्या रस्त्यावर उतरतात आणि मागून आलेली रिक्षा त्यांना ऐकूच येत नाही.

दवाखान्याला किंवा सोसायटीला हे पटवायचं असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सुगम्यतेचा जो आग्रह धरला आहे त्याकडे लक्ष वेधा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांतही ऐकण्यास मदत करणाऱ्या यंत्रणांचा विचार आहे. पण खरं सांगायचं तर कायद्याच्या कलमापेक्षा दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक जास्त काम करतं. उसना डबा घेऊन जा आणि त्यांच्याच एखाद्या पेशंटला ऐकवा.

विरंगुळा केंद्र आणि सोसायटीची बैठक

आठ-दहा ज्येष्ठ एकत्र बसतात तिथे डबा पुरत नाही, खोलीभर तार फिरवावी लागते. इथे घाईने साधा ऑडिओ ॲम्प्लिफायर जोडू नका. १ चौरस मिलिमीटरच्या तारेच्या १५ मीटर वेढ्याचा रोध जेमतेम पाव ओहम असतो. चार किंवा आठ ओहमचा स्पीकर अपेक्षित असलेल्या ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने ते शॉर्टसर्किटच. लूपसाठी बनवलेला, तारेत ठरावीक प्रवाह राखणारा ॲम्प्लिफायर घ्या. तो वरच्या पट्टीतले स, श, फ सारखे आवाजही पडू देत नाही, आणि शब्द कळतात ते याच आवाजांमुळे.

अंदाजासाठी आकडे देतो. आयईसी ६०११८-४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बोलण्याच्या शिखरावर क्षेत्राची तीव्रता मीटरला ४०० मिलिअँपिअर हवी. चार मीटर बाजूच्या चौकोनी खोलीत, जमिनीलगत एकच वेढा असेल आणि माणसं खुर्चीवर बसली असतील, म्हणजे कान साधारण सव्वा मीटर उंचीवर असतील, तर शिखरावर अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. दोन वेढे घातले तर त्याच्या निम्मा. स्लॅबमधल्या सळया यातला काही भाग खातात, म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये थोडी जास्त ताकद ठेवा. तार स्कर्टिंगलगत जमिनीवर किंवा छताजवळ घ्या, कानांच्या उंचीवर नको. तिथे तारेजवळ आवाज फार मोठा आणि मध्ये फार लहान होतो. दारापाशी चपटी तांब्याची पट्टी उंबऱ्यावरून नेऊन वर चटई टाका, पायात अडकणार नाही असं बघा. भिंतीला टेकून, म्हणजे नेमकं तारेच्या वर, कोणाला बसवू नका. तिथे क्षेत्राचा उभा भाग जवळजवळ शून्य होतो.

माइक एकच असेल तर तो हातोहात फिरला पाहिजे, आणि “माइक हातात आल्याशिवाय बोलायचं नाही” हा नियम अध्यक्षांनी पाळून घ्यायला हवा. सोसायटीच्या सभेत हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे. तरी आग्रह सोडू नका, कारण माइकबाहेर बोललेलं एकेक वाक्य टी-वरच्या माणसासाठी बोललंच गेलेलं नसतं. लूपच्या आत डायनॅमिक प्रकारचा माइक नेला तर कधीकधी शिट्टी वाजते. त्या माइकमध्ये स्वतःचं वेटोळं असतं आणि ते लूपचं क्षेत्र पकडून परत ॲम्प्लिफायरला देतं. कंडेन्सर माइक वापरला की बहुतेकदा हा त्रास जातो. मोठ्या व्याख्यानांसाठी, अगदी न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या कार्यक्रमासाठीसुद्धा, वक्त्याचा आवाज थेट ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून मिळतो. आयोजकांची तयारी असेल तर तिथून पुढच्या एका ओळीपुरता लूप करणं हे छोट्या प्रमाणावरचंच काम आहे.

चालत नसेल तर

काहीच ऐकू येत नसेल तर आधी मशीन खरंच टी-वर आहे का ते बघा. बहुतेकदा गाडी इथेच अडलेली असते. दुसऱ्या कोणाचं टी-वरचं मशीन तिथे चालत असेल तर लूप ठीक आहे, पहिल्या मशीनचा प्रोग्राम तपासून घ्या. आवाज येतो पण गढूळ, तर माइक तोंडाजवळ आणा. गुणगुण येते आणि लूप बंद केल्यावरही राहते, तर ती वायरिंगची. लूप बंद केल्यावर जाते, तर ॲम्प्लिफायरच्या जोडणीची किंवा चार्जरची. डबा चार्जिंगला लावलेला असताना भुणभुण येत असेल तर बॅटरीवर चालवून बघा. दोन खिडक्यांवरचे आवाज एकमेकांत मिसळत असतील तर डब्यांमधलं अंतर वाढवा.

कर्मचाऱ्यांचे स्वतःचे कान चांगले असतात, त्यामुळे लूप बंद पडलेला त्यांना कळतच नाही. यासाठी ऐकून बघायचं साधन जवळ हवं. लूप तपासायचे छोटे रिसीव्हर मिळतात, त्यांना हेडफोन लावून ऐकायचं. ते नसेल तर कोणाचं तरी वापरात नसलेलं, टेलिकॉइलचं कानामागचं जुनं मशीन आणि ऑडिओलॉजिस्टकडे मिळणारी स्टेथोक्लिप (मशीनचा आवाज ऐकायची स्टेथोस्कोपसारखी नळी) एवढ्यावर काम भागतं. रोज सकाळी काउंटर उघडताना एकाने माइकसमोर तारीख-वार म्हणायचं, दुसऱ्याने ते ऐकायचं आणि वहीत सही करायची. डबा रात्री चार्जिंगला कोण लावणार त्याचं नाव त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हा कोण, तेही.

महिन्यातून एकदा मशीन वापरणाऱ्या एखाद्या ज्येष्ठांना बोलावून त्यांना उभं राहून, बसून, आणि मान वाकवून ऐकायला सांगा. त्यांनी सांगितलेली प्रत्येक अडचण, “डाव्या कानात कमी येतं” इथपासून “पाटी दिसली नाही” इथपर्यंत, त्याच वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तंत्रज्ञ आला की त्याच्यासमोर आधी ती वही ठेवा.